तळ्यातला रोहू आणि मेंदूतला निरोप

मृगाचा पाऊस झाला की वऱ्हाडातल्या नद्या-नाल्यांना गढूळ पाणी येते. उन्हाळाभर डोहाडोहांत अडकून पडलेली पूर्णा पुन्हा वाहती होते. काटेपूर्णा, मोर्णा, पेढी या तिच्या उपनद्याही भरतात. पलीकडे मोर्शीच्या बाजूला वर्धेला पूर येतो. या पहिल्या पुराबरोबर मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. मराठीत त्यांना 'चढणीचे मासे' असे सुंदर नावच आहे. त्यांची पोटे गाबोळीने भरलेली असतात. उथळ, नव्या पाण्यात जाऊन ते अंडी घालतात आणि पाणी उतरायच्या आत परततात. भोई आणि ढिवर मंडळींना हे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे.

आता दुसरे दृश्य पाहा. त्याच जून महिन्यात गावाजवळच्या तलावात रोहू, कटला आणि मृगळ हे मासे आहेत. दोन-तीन वर्षे वाढवलेले, चांगले पोसलेले. त्यांच्याही पोटात गाबोळी भरली आहे. पाऊसही तोच पडतो आहे. पण साठलेल्या पाण्यातली ही मादी अंडी घालत नाही. पावसाळा सरतो आणि पोटातली अंडी हळूहळू शरीरातच जिरून जातात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

नदीतला रोहू अंडी घालतो आणि तळ्यातला घालत नाही, असे का? हा प्रश्न साधा दिसतो. त्यावर अनेकांचे पोट अवलंबून आहे. मत्स्यबीज नसेल तर तलाव म्हणजे नुसते पाणी. अकोला जिल्ह्यातील महानचा काटेपूर्णा जलाशय असो, मोर्शीजवळचा अप्पर वर्धा असो की एखादा लहानसा गावतलाव असो, तेथील मासेमारी दरवर्षी सोडल्या जाणाऱ्या बीजावर मोठ्या प्रमाणात उभी असते. या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता शास्त्रज्ञ तलावातून माशाच्या डोक्यात, डोक्यातून एका इवल्याशा ग्रंथीत आणि तिथून मेंदूतल्या काही मोजक्या पेशींपर्यंत कसे पोहोचले, तो इतिहास आपण या लेखात पाहू. या प्रवासात आपल्या नागपूरच्या प्रयोगशाळांचाही वाटा आहे. आणि पाठ्यपुस्तकातल्या एका लाडक्या वाक्याचा फेरविचारही आपल्याला करावा लागणार आहे.

बंगालहून येणारे बीज

रोहू, कटला आणि मृगळ यांना मत्स्यशास्त्रात 'प्रमुख भारतीय कार्प' म्हणतात. हे मासे मुख्यतः उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे. पावसाळ्यात नदी पात्र सोडून पसरली की तिच्या उथळ काठांवर ते अंडी घालतात. अंड्यांतून निघालेली जिऱ्याच्या दाण्यासारखी बारीक पिल्ले प्रवाहाबरोबर वाहत येतात. म्हणूनच मराठीत त्यांना 'मत्स्यजिरे' म्हणतात. ती वाढून बोटाएवढी झाली की 'बोटुकली'.

१९५७ पूर्वी देशातल्या मत्स्यशेतीचा मोठा आधार म्हणजे नदीत जाळी लावून गोळा केलेले हे जिरे. त्यासाठी बंगालच्या नद्या प्रसिद्ध होत्या. तिथून ते भांड्यांत भरून रेल्वेने दूरदूर पाठवले जाई. बडनेरा आणि अकोला ही स्थानके हावडा-मुंबई मार्गावरचीच. पण हा व्यवहार बेभरवशाचा होता. उन्हाळा-पावसाळ्याच्या सांध्यावरचा लांबचा प्रवास, भांड्यातले कमी होत जाणारे प्राणवायूचे प्रमाण आणि वाटेत होणारी मरतूक, हे सगळे सोसून जे हाती येई त्यातही नको त्या जातींचे, इतर मासे खाणारे पिल्लू किती आहे हे कळायला मार्ग नसे. बंगालमध्ये बांकुरा-मेदिनीपूर भागात आणि मध्य प्रदेशात 'बांध' पद्धत होती. तिथे उतारावरचे पावसाचे पाणी अडवून नदीच्या पुराची नक्कल केली जाई आणि मासे खरोखर फसत. म्हणजे पुराच्या पाण्यात काहीतरी निरोप होता हे लोकांना कळले होते. तो निरोप माशाच्या शरीरात कोण वाचतो हे मात्र कळले नव्हते.

ग्रंथीचा अर्क

मेंदूच्या खालच्या बाजूला, देठाला लोंबणाऱ्या फळासारखी एक ग्रंथी असते. पाठ्यपुस्तकात आपण तिला पीयूषिका म्हणतो. मराठी विश्वकोशात तिचे नाव पोष ग्रंथी असे दिले आहे. किलो-दीड किलोच्या माशात ती मोहरीच्या दाण्याएवढी भरते.

१९३० साली अर्जेंटिनातील बर्नार्डो ऊसे यांनी पिल्ले देणाऱ्या माशांना दुसऱ्या माशांच्या पीयूषिकेचा अर्क टोचला. त्या माशांना मुदतीआधीच पिल्ले झाली. पुढे १९४७ मध्ये ऊसे यांना दुसऱ्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण मत्स्यशेतीच्या इतिहासात त्यांचे नाव या छोट्या प्रयोगामुळे राहिले. शेजारच्या ब्राझीलमध्ये रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी १९३०च्या दशकात हीच युक्ती नदीतल्या माशांवर वापरून त्यांना अंडी घालायला लावले. आपल्या उपखंडात १९३७ मध्ये हमीद खान यांनी मृगळावर सस्तन प्राण्यांच्या पीयूषिकेचा अर्क वापरून पाहिला.

पण ज्याला खरी वाट सापडणे म्हणता येईल ते घडले १० जुलै १९५७ रोजी, ओडिशातील अंगुल येथे. मध्यवर्ती अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेच्या कटक येथील विभागात काम करणारे हिरालाल चौधरी यांनी कार्प माशांच्याच पीयूषिकेचा अर्क कार्प माद्यांना आणि नरांना टोचला आणि बंदिस्त पाण्यात त्यांनी अंडी घातली. चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी त्याच वर्षी 'करंट सायन्स' या नियतकालिकात हे काम छापले. १० जुलै हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

पद्धत अशी. मासळीबाजारातून ताज्या कार्प माशांची डोकी आणायची, कवटी उघडून ग्रंथी अलगद काढायची आणि शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायची. वापरताना ती पाण्यात घोटून अर्क गाळून घ्यायचा. मादीला आधी तिच्या वजनाच्या दर किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम ग्रंथीचा अर्क, सुमारे ६ तासांनी पुन्हा ५ ते ८ मिलिग्रॅमचा. नराला दुसऱ्या वेळीच एकदा. मग त्यांना पाण्यात ताणून बांधलेल्या 'हापा' नावाच्या कापडी पिंजऱ्यात सोडायचे. दुसऱ्या टोचणीनंतर साधारण ४ ते ६ तासांत मादी अंडी घालते. रोहूची मादी किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. म्हणजे बंगालहून येणाऱ्या कित्येक भांड्यांचे बीज एका मादीत होते.

इथे आपण एक गोष्ट लक्षात घेऊ. तळ्यातल्या मादीची अंडी तयार होती. ती सोडण्याची क्षमताही तिच्यात होती. तिच्या पीयूषिकेतही संप्रेरक साठलेले होते. अडले होते ते एवढ्यावरच की ते संप्रेरक बाहेर पडत नव्हते. इंजेक्शनाने आपण दुसऱ्या माशाची ग्रंथी वापरून ही अडचण ओलांडली. पण तिची स्वतःची ग्रंथी गप्प का बसली होती, या प्रश्नाला १९५७ मध्ये उत्तर नव्हते.

प्रमुखाच्या वर कोण?

'पीयूषिका ही सर्व ग्रंथींची प्रमुख ग्रंथी आहे', हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी फळ्यावर लिहिले आहे. १९३०च्या सुमारास ते शास्त्रीय मतही होते. त्याला पहिला धक्का एका माशानेच दिला होता, पण तो फार थोड्यांच्या लक्षात आला.

१९२८ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट शारर नावाचा तरुण संशोधक एका लहानशा गोड्या पाण्यातल्या माशाचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. हायपोथॅलॅमस म्हणजे पीयूषिकेच्या लगेच वर असलेला मेंदूचा भाग. तेथील काही चेतापेशी त्याला ग्रंथीतल्या पेशींसारख्या दिसल्या. त्यांत स्रावाचे कण भरलेले होते. शाररने म्हटले, या चेतापेशी संप्रेरके तयार करीत असाव्यात. चेतापेशीचे काम विद्युत संदेश नेण्याचे, ग्रंथीचे काम रक्तात रसायने सोडण्याचे, अशी त्या काळी पक्की वाटणी होती. एकच पेशी दोन्ही कामे करते हे म्हणणे अनेकांना पटले नाही. अर्न्स्ट आणि त्यांच्या पत्नी बेर्टा शारर यांनी पुढची कित्येक वर्षे ते पुरावे गोळा केले. त्यांनी कामे वाटून घेतली. अर्न्स्ट पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवर, तर बेर्टा झुरळासारख्या कणाहीन प्राण्यांवर.

दुसरा धक्का ब्रिटनमधून आला. जॉफ्री हॅरिस यांनी दाखवले की सस्तन प्राण्यांत हायपोथॅलॅमस आणि पीयूषिकेचा पुढचा भाग यांना जोडणाऱ्या अगदी बारीक रक्तवाहिन्या आहेत. १९५२ मध्ये हॅरिस आणि डोरा याकोबसोन यांनी उंदरांची पीयूषिका काढून ती मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली बसवली. ती निकामी झाली. हायपोथॅलॅमसच्या खाली त्या रक्तवाहिन्यांजवळ बसवली, तेव्हा ती पुन्हा काम करू लागली. म्हणजे प्रमुख ग्रंथी स्वतःच्या मर्जीने चालत नव्हती. तिला वरून रसायनाच्या रूपात हुकूम येत होता.

पण ते रसायन कोणते? त्याच्या शोधात अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांनी, एक अँड्र्यू शॅली यांची आणि दुसरी रोजर गिलमँ यांची, वर्षानुवर्षे चुरस केली. शॅली डुकरांचे मेंदू वापरत, गिलमँ मेंढ्यांचे. हा पदार्थ इतका अल्प असे की शॅली यांच्या गटाला सुमारे १,६५,००० डुकरांच्या हायपोथॅलॅमसचे तुकडे वापरावे लागले. त्यातून जे हाती आले ते मिलिग्रॅमभरही भरले नाही. पण १९७१ मध्ये त्याची रचना कळली. अवघ्या १० अमिनो आम्लांची माळ! अमिनो आम्लांच्या लांब माळेला आपण प्रथिन म्हणतो, आखूड माळेला पेप्टाइड. हे पेप्टाइड पीयूषिकेला जननग्रंथींवर काम करणारी संप्रेरके सोडायला लावते. म्हणून त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला जीएनआरएच म्हणतात. शॅली आणि गिलमँ यांना १९७७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याबरोबर रोझलिन यॅलो यांनाही ते मिळाले. रक्तातली संप्रेरके अत्यल्प प्रमाणातही मोजण्याची रीत त्यांनी शोधली होती. हॅरिस मात्र १९७१ मध्येच, रचना जाहीर झाली त्याच वर्षी वारले.

जीएनआरएच तयार करणाऱ्या चेतापेशी माणसाच्या मेंदूत केवळ एक-दोन हजार असतात. अब्जावधी चेतापेशींच्या गर्दीत ही संख्या नगण्य. पण वयात येणे, पाळी येणे, मूल होणे, या सगळ्याची सुरुवात तिथून होते.

ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर

आता पुन्हा तळ्याकडे येऊ. पीयूषिकेच्या अर्काने काम होत होते, पण अडचणी होत्या. हजारो डोकी फोडावी लागत. ग्रंथी ताजी आहे की नाही, मासा कोणत्या हंगामातला आहे, यावर तिचा जोर बदले. तेव्हा साहजिक विचार आला की ग्रंथी देण्याऐवजी ग्रंथीला हुकूम देणारे जीएनआरएचच का देऊ नये? दहा अमिनो आम्लांची माळ तर कारखान्यात बनवता येते.

पण कार्प माशांत नुसत्या जीएनआरएचने हमखास काम होईना. याचे उत्तर कॅनडातील रिचर्ड पीटर यांनी सोनमाशावर प्रयोग करून शोधले. सोनमासाही कार्पच्याच कुळातला. हायपोथॅलॅमसच्या एका विशिष्ट भागाला इजा केली की सोनमाशात अंडी सुटत. याचा अर्थ तो भाग एरवी अंडी सुटू देत नव्हता. तेथील चेतापेशी डोपामाइन हे रसायन पीयूषिकेत सोडतात आणि ते जीएनआरएचच्या कामावर ब्रेक लावते, हे १९८०च्या दशकाच्या आरंभी स्पष्ट झाले. नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबून उपयोग नाही, ब्रेकही सोडायला हवा. १९८३ मध्ये सामन माशाच्या जीएनआरएचची रचना कळली होती. डुकराच्या माळेहून ती फक्त दोन मण्यांनी वेगळी. पीटर आणि चीनचे लिन हाओरान यांनी १९८८ मध्ये पद्धत मांडली ती अशी: माशाला चालणारे, टिकाऊ केलेले जीएनआरएच आणि डोपामाइनला अडवणारे औषध, दोन्ही एकाच सुईत.

'ओव्हाप्रिम' या नावाने मत्स्यबीज केंद्रांवर जे मिळते ते हेच. त्याच्या १ मिलिलिटरमध्ये २० मायक्रोग्रॅम जीएनआरएचसारखे पेप्टाइड आणि १० मिलिग्रॅम डॉम्पेरिडोन असते. डॉम्पेरिडोन म्हणजे आपण उलटी-मळमळीवर घेतो तेच औषध. पुढे मुंबईच्या हेम्मो फार्मा या पेप्टाइड बनवणाऱ्या कंपनीने 'ओव्हाटाइड' नावाचे याच तत्त्वावरचे देशी औषध आणले. आता मादीला दोनदा पकडण्याची गरज राहिली नाही. एका टोचणीत काम होऊ लागले.

म्हणजे इतिहासाचा क्रम असा दिसतो: १९५७ मध्ये आपण ग्रंथीची जागा घेतली, १९८८ मध्ये ग्रंथीला हुकूम देणाऱ्याची. पण त्या हुकूम देणाऱ्याला कोण हुकूम देते? तळ्यात तो गप्प आणि नदीत बोलका, हे कसे?

नागपूरचा मागूर

अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले. त्याआधी अमरावती, अकोल्याची महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती आणि वऱ्हाडातल्या जुन्या विज्ञान पदवीधरांच्या पदव्या त्याच विद्यापीठाच्या आहेत. त्या नागपूर विद्यापीठात माशाच्या मेंदूवर चिकाटीचे काम झाले. प्राणिशास्त्रात पी. डी. प्रसाद राव आणि औषधनिर्माणशास्त्र विभागात निशिकांत सुभेदार व त्यांचे विद्यार्थी, ही त्यातली प्रमुख नावे.

त्यांनी निवडलेला मासा आपल्या ओळखीचा. मागूर. मिशा असलेला, खवले नसलेला, चिखलात राहणारा आणि पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरणारा. जुन्या शोधनिबंधांत त्याचे नाव क्लॅरियस बॅट्रॅकस असे दिसते. भारतातल्या मागूरला आता क्लॅरियस मागूर म्हणतात. हा मासा पावसाळ्यातच अंडी घालतो आणि बंदिस्त पाण्यात तोही अडून बसतो. त्यामुळे त्याचा मेंदू या प्रश्नासाठी योग्य होता.

पहिले काम होते नकाशा काढण्याचे. माशांमध्ये एक सोय असते. सस्तन प्राण्यांत हायपोथॅलॅमसचा निरोप रक्तवाहिन्यांतून पीयूषिकेकडे जातो, तर माशांत चेतापेशींचे तंतू थेट पीयूषिकेत शिरतात. म्हणून तंतूंचा माग काढला की निरोप कुठून येतो ते कळते. १९८९ मध्ये एन. एस. रामकृष्ण आणि सुभेदार यांनी मागूरच्या पीयूषिकेत एक विकर ठेवले. ते तंतूंतून उलटे वर चढत पेशींपर्यंत गेले आणि रंगाने उमटले. अशा रीतीने पीयूषिकेला 'तार' करणाऱ्या पेशी मेंदूत कुठे आहेत ते दिसले. १९९३ मध्ये प्रसाद राव आणि सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर आणखी तपशील दिला.

दुसरे काम होते त्या पेशी कोणते रसायन वापरतात हे शोधण्याचे. इथे दोन पेप्टाइडे लक्षात ठेवू. एक, न्यूरोपेप्टाइड वाय. ३६ अमिनो आम्लांची ही माळ १९८२ मध्ये स्वीडनमध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळी केली गेली. ती मेंदूत भूक वाढवते. दुसरे कार्ट. १९९५ मध्ये उंदरांच्या मेंदूत ते प्रथम लक्षात आले. ते भूक कमी करते. म्हणजे ही दोन्ही शरीराच्या खाण्या-पिण्याच्या हिशेबाशी निगडित. नागपूरच्या गटाने ती दोन्ही मागूरच्या मेंदूत, गंधाच्या मार्गापासून पीयूषिकेपर्यंत शोधली. २००६ च्या कामात त्यांनी न्यूरोपेप्टाइड वायचा संबंध पीयूषिकेतल्या दोन प्रकारच्या पेशींशी दाखवला. एक अंडी सुटण्याचे संप्रेरक करणाऱ्या पेशी आणि दुसऱ्या वाढीचे संप्रेरक करणाऱ्या पेशी. २००७ मध्ये प्रफुल्ल सिंगरू, सुभेदार आणि अमेरिका व डेन्मार्कमधील सहकाऱ्यांनी मागूरच्या मेंदूतील कार्टचा सविस्तर नकाशा प्रसिद्ध केला. २०१० मध्ये मादी मागूरमध्ये कार्टचे प्रमाण प्रजननाच्या हंगामाप्रमाणे बदलते असे दिसून आले.

भुकेची पेप्टाइडे प्रजननाच्या मार्गावर काय करीत आहेत? विचार केला तर यात नवल नाही. दोन-तीन लाख अंडी भरायला शरीरात साठा लागतो. साठा नसताना अंडी घालणे मादीला परवडणारे नाही. मत्स्यबीज केंद्रावरच्या कोणाही अनुभवी माणसाला विचारा. उन्हाळ्यात नीट न पोसलेल्या मादीला कितीही चांगले इंजेक्शन द्या, हाती काही लागत नाही. ती काहीशी आर्थिक तपासणी मेंदूत होते आणि तिची भाषा पेप्टाइडांची आहे.

निरोप्यांचे निरोपे

जगभरातही याच सुमाराला चित्र बदलत होते. २००० साली जपानचे काझुयोशी त्सुत्सुई यांना लाव्हा पक्ष्याच्या मेंदूत १२ अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड सापडले. ते जननग्रंथींच्या संप्रेरकांना रोखते. म्हणजे पेप्टाइडांतही ब्रेक असतो.

दुसरी गोष्ट अधिक नाट्यमय आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतील हर्शी या गावी कर्करोगाचा फैलाव रोखणारे एक जनुक सापडले. हे गाव 'किसेस' नावाच्या चॉकलेटसाठी प्रसिद्ध. त्यावरून जनुकाला किस हे नाव मिळाले आणि त्याच्या पेप्टाइडाला पुढे किस्पेप्टिन. त्याचा प्रजननाशी संबंध आहे असे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. २००३ मध्ये पॅरिस आणि बोस्टन येथील दोन गटांनी अशी कुटुंबे तपासली की ज्यांतली काही भावंडे वयातच आली नव्हती. त्यांच्या शरीरात किस्पेप्टिनचा निरोप घेणारा रेणू सदोष होता. जीएनआरएच करणाऱ्या पेशींना जागे करणारा कोणीतरी आहे, तो हा. पुढे २००७ पासून दिसून आले की किस्पेप्टिन करणाऱ्या काही चेतापेशीच आणखी दोन पेप्टाइडे बनवतात. न्यूरोकायनिन बी त्यांना चेतवते, डायनॉर्फिन शांत करते. चेतवणे-शांत करणे या खेळातून ठोके पडतात. ठोके का हवेत? कारण १९७८ मध्येच अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने माकडांवर दाखवले होते की जीएनआरएच तासातासाने ठोक्याठोक्याने दिले तर पीयूषिका काम करते, सलग ओतत राहिले तर गप्प होते.

मग तळ्यातल्या रोहूचे कोडे किस्पेप्टिनने सुटले का? नाही. २०१५ मध्ये झेब्रा माशात किस्पेप्टिनची जनुके निकामी करण्यात आली. तरी ते मासे सुखेनैव अंडी घालत राहिले! माणसात जे अपरिहार्य, ते माशात अपरिहार्य नाही. सस्तन प्राण्यांवरून माशांबद्दल अनुमान काढू नये, मागूरचा मेंदू मागूरमध्येच पाहावा लागतो, हा धडा यातून मिळतो. नागपूरच्या कामाचे मोल इथे कळते.

वर्गात काय सांगावे

आता त्या लाडक्या वाक्याकडे वळू. पीयूषिका प्रमुख मानली गेली. तिच्यावर जीएनआरएच निघाले, त्याच्यावर किस्पेप्टिन, न्यूरोपेप्टाइड वाय, कार्ट, डोपामाइन. मग यांच्यावर कोण? या प्रश्नाचे उत्तर एखादी आणखी वरची ग्रंथी असे नाही. ते उत्तर आहे दिवसाची लांबी, पाण्याचे तापमान, पुराचा लोट, जोडीदाराचा गंध आणि पोटातला साठा. पेप्टाइडे बनवणाऱ्या चेतापेशी ही या साऱ्या बातम्या एकत्र येण्याची जागा. तिथे कोणी सिंहासनावर बसलेला नाही. पंचायतीसारखा कारभार आहे. काही सदस्य 'हो' म्हणतात, काही 'नाही', आणि सभा आटोपली की निरोप खाली जातो. तळ्यातल्या रोहूच्या सभेत पुराची बातमी पोहोचतच नाही, म्हणून डोपामाइनचा 'नाही' कायम राहतो.

म्हणून आमची सूचना अशी की नववी-दहावीच्या वर्गात पीयूषिकेला 'प्रमुख' म्हणा, पण लगेच 'तिला हुकूम कुठून येतो?' हा प्रश्न फळ्यावर तसाच उघडा ठेवा. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल अनेक शंका असतात. कोणाला लवकर, कोणाला उशिरा, असे का? यात आहाराचा, शरीरातल्या साठ्याचा वाटा असतो, ही काही लाजेची बाब नाही, मेंदूतल्या निरोपांची बाब आहे, हे रोहूच्या निमित्ताने मोकळेपणी सांगता येते.

शक्य असेल तर जून-जुलैत मुलांना जवळच्या मत्स्यबीज केंद्रावर न्या. तिथे तीन गोष्टी विचारायला सांगा. मादी तयार आहे हे कशावरून ओळखता? टोचल्यावर किती वेळाने अंडी सुटतात? कोणत्या वर्षी इंजेक्शन देऊनही मासे अडले आणि त्या वर्षी पाऊसपाणी कसे होते? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे वहीत नीट लिहून घ्या. मासळीबाजारातून ताजे डोके मिळाले तर मेंदूखालची पीयूषिका शोधून पाहा. ती नाजूक असते. कवटी वरून कापून मेंदू हळूच उचलला तर बहुधा ती कवटीच्या तळाशी राहिलेली दिसते.

शेवटी एक काळजीची गोष्ट. ज्या मागूरने आपल्याला मेंदूचा हा कारभार दाखवला, तो आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत धोक्यात आलेल्या जातींमध्ये आहे. त्याच्या जागी भराभर वाढणारा आणि इतर मासे फस्त करणारा आफ्रिकी मागूर चोरून पाळला जातो. त्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे. देशी मागूरचे बीज तयार करण्यासाठी आजही त्याच टोचण्या वापराव्या लागतात आणि नराचे शुक्र मिळवण्यासाठी बहुतेक वेळा नर मारावा लागतो. मेंदूतल्या निरोपांचे ज्ञान पुरेसे वाढले तर कदाचित योग्य पाणी, योग्य खाद्य आणि योग्य वेळ देऊन हे मासे सुईविना अंडी घालू लागतील. पहिल्या पुराचे पाणी हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहे. ते कसे करते हे पूर्ण कळायचे अजून बाकी आहे, आणि ते शोधणारे आज आपल्यापैकी कोणाच्या तरी वर्गात बसलेले असू शकतात.